मला वास येतोय का?

चिंतामण फणसे यांनी कोणालाही कधी "आंघोळ करून या" असं सांगितलं नाही. ज्याच्या अंगाला वास येत असेल त्याच्या टेबलाजवळ ते जात, जरा वाकत आणि हळू आवाजात विचारत, "मला वास येतोय का हो?"

एवढंच. क्षणभर थांबत आणि निघून जात. समोरचा माणूस आधी फणसे यांच्याकडे बघे. इस्त्रीचा शर्ट, कापलेली नखं, कानामागे साबणाचा पांढरा ठिपका. मग तो स्वतःकडे बघे. दुसऱ्या दिवशी तो आंघोळ करून येई.

फणसे आमच्या वर्तमानपत्राच्या उज्जैन कार्यालयात व्यवस्थापक होते. वर्तमानपत्र हिंदी, कार्यालय फ्रीगंजमध्ये दुसऱ्या मजल्यावर, आणि मराठी बोलणारे आम्ही तिघंच: फणसे, जाहिरातींच्या काउंटरवरची वर्षा आणि बातम्यांच्या डेस्कवर मी. रजा, वीज, पाणी, पंखे हे सगळं फणसे बघत. पण ज्या कामासाठी ते ओळखले जात ते कुठल्याही आदेशात लिहिलेलं नव्हतं. माणसांच्या घामाबद्दल, मोज्यांबद्दल, तुटलेल्या बटणांबद्दल त्यांच्याशी कोणीतरी बोलावं लागतं. संपादक बोलत नसत. मालक इंदूरला असत. फणसे यांनी ते काम आपणहून उचललं होतं आणि त्यांच्या मते ते रक्तातूनच आलं होतं.

"आमचे पूर्वज सरकारच्या जामदारखान्यात होते," ते सांगत. जामदारखाना म्हणजे दरबारी पोशाख आणि किमती वस्तू ठेवायची जागा. "सरदाराचा अंगरखा मळला तर सरदाराला बोलायची सोय नाही. मान जायची. मग काय करायचं? आपला अंगरखा झटकायचा. त्यांच्यासमोर झटकायचा. समजणाऱ्याला समजतं."

"आणि नाही समजलं तर?"

"तर पुन्हा झटकायचा. बोलायचं माणसाशी, रागवायचं कपड्यावर."

हिंदी बोलणाऱ्यांना 'फणसे' म्हणता येत नसे. ते 'फँसे' म्हणत, म्हणजे अडकले. "फँसे साहब बुला रहे हैं" असा निरोप आला की लोक उठायच्या आधी बगलेचा वास घेत.

आता त्या वाक्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मराठीत "मला वास येतोय" याचे दोन अर्थ होतात. माझ्या नाकाला वास कळतोय हा एक, आणि दुधाला वास येतो तसा माझ्या अंगाला येतोय हा दुसरा. कोणता घ्यायचा ते आपण प्रसंग बघून ठरवतो. हिंदीत ही सोय नाही. फणसे यांना ते मान्य नव्हतं. त्यांचे पूर्वज दोन-अडीच शतकांपूर्वी माळव्यात आले, स्वतः ते इथेच जन्मले, हिंदी अस्खलित बोलत, पण हे एक वाक्य मात्र ते मराठीतून उचलून तसंच हिंदीत ठेवत: "मुझे बास आ रही है क्या?"

पहिल्यांदा हे ऐकलं ते गुन्हे-वार्ताहर राठौरने. आमच्या बातम्यांच्या खोलीत एसी होता, खिडक्या बंद होत्या आणि धूळ नको म्हणून जोडे बाहेर काढायचे असा नियम होता. त्यामुळे राठौरचे मोजे सार्वजनिक झाले होते. फणसे त्याच्याजवळ जाऊन वाकले.

"राठौर, मुझे बास आ रही है क्या?"

राठौरने विचार केला. "साहब, आपको आ रही है कि नहीं, ये मैं कैसे बताऊँ? नाक आपकी है."

"वो बात नहीं. मुझे आ रही है क्या?"

"सर्दी हुई होगी. देवास गेट पे एक होम्योपैथी वाला है, नंबर दूँ?"

फणसे परत गेले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचे स्वच्छ मोजे काढले, बेसिनवर साबण लावून धुतले आणि राठौरच्या टेबलासमोरच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतले. तिसऱ्या दिवशी राठौर माझ्याकडे आला. "भाई साहब, फँसे साहब के घर पानी नहीं आ रहा क्या?" त्याने ते मोजे बघितले, मग आपले बघितले. "अच्छा," तो म्हणाला. "अच्छा-अच्छा." त्या दिवसापासून आजवर राठौरचे मोजे कार्यालयात सर्वांत स्वच्छ आहेत.

कपड्यांसाठी त्यांची पद्धत वेगळी होती. त्यांच्या टेबलामागे एक लोखंडी कपाट होतं. त्याला ते जामदारखाना म्हणत. आत इस्त्री केलेले शर्ट असत, सगळ्या मापांचे, छत्री चौकातल्या शिंप्याकडून एकाच ताग्यातून शिवलेले, बारीक निळ्या चौकटीचे. आमचा छायाचित्रकार बैरागी रामघाटावरून आरतीचे फोटो घेऊन येई तो ओला, कपाळभर गंध, शर्टावर कुंकू. त्याला फणसे म्हणत, "बैरागी, जरा पहन के देख. दर्ज़ी ने कंधा बराबर काटा कि नहीं, मुझे समझ नहीं आ रहा." बैरागी शिंप्यावर मेहरबानी म्हणून शर्ट घाली आणि दिवसभर घालून फिरे.

एकदा भोपाळहून बडे पाहुणे अचानक आले. फणसे यांनी भराभर चार जणांच्या खांद्याची मापं तपासली. पाहुणे आत आले तेव्हा त्यांच्या स्वागताला एकसारखे निळ्या चौकटीचे चार शर्ट उभे होते. पाहुण्यांनी हात जोडले आणि बाजूला विचारलं, "बैंड वाले भी बुलाए हैं?"

फणसे यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "धुतलेला बँड होता," ते म्हणाले.

स्त्री कर्मचाऱ्यांशी मात्र ते या विषयावर कधीच बोलले नाहीत. तो विभाग सुमनकाकूंचा. काकू म्हणजे फणसे यांच्या पत्नी, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वर्षा नवी लागली तेव्हा नानाखेड्याहून भर उन्हात यायची, सिंथेटिक कुडता घामाने चिकटलेला. काउंटरवर शोकसंदेश द्यायला येणारी माणसं दुःखात असूनही जरा मागे सरकून बोलत. फणसे यांनी घरी काय सांगितलं ते माहीत नाही. दोन दिवसांनी काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, वर्षाच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी शाळेत असताना कपाटात एक सुती साडी ठेवायचे. पोचल्यावर बदलायचे. मुलं म्हणायची, बाई घरातून दोनदा निघतात." त्यांच्या पदराला वाळ्याचा वास असे. साड्यांच्या घड्यांत त्या वाळ्याच्या जुड्या ठेवत. त्यानंतर काउंटरखाली वर्षाचा एक सुती कुडता कायम असायचा, आणि काकू आल्या की ती त्यांना उठून जागा द्यायची.

मग करोनाची ती दुसरी लाट आली. फणसे आणि काकू दोघंही एकाच आठवड्यात दवाखान्यात गेले. फणसे परत आले.

महिन्याभराने ते कामावर रुजू झाले. शर्ट इस्त्रीचा होता. दुःखाबद्दल कोणी बोलायला गेलं तर ते हात वर करून थांबवत आणि विजेच्या बिलाबद्दल विचारत. आम्ही ते पाळलं. निवृत्तीचं वय झालं, पण त्यांनी मुदतवाढ मागितली आणि ती मिळाली. दरवर्षी मिळत गेली. मुलगी परदेशात. घरी करायचं काय, हे त्यांनी मला एकदाच विचारलं होतं आणि उत्तराची वाट पाहिली नव्हती.

फरक एकच पडला. ते वाक्य ते आता फार वेळा बोलू लागले. पूर्वी महिन्यातून एखाद्याची पाळी यायची, आता रोज कोणाची तरी. ज्यांना काही वास नव्हता त्यांनाही ते विचारत. सकाळी आल्या आल्या बैरागीला, दुपारी राठौरला, चहावाल्याला, एकदा तर वर्गणी भरायला आलेल्या एका निवृत्त न्यायाधीशांना. "मुझे बास आ रही है क्या?" न्यायाधीश पुन्हा आले नाहीत. लोकांना वाटलं, काकू गेल्यापासून साहेब जास्तच कडक झाले. भीतीने सगळे सेंट मारून येऊ लागले. बंद एसीच्या खोलीत गुलाब, मोगरा, लिंबू आणि राठौरचं कुठलंसं समुद्री वादळ एकत्र होई. वर्षा काउंटरवर शिंकत बसे. "काका, आता बस करा ना," ती म्हणे. "आमच्यापैकी कोणाला काही येत नाही."

"नक्की?" फणसे विचारत. "कोणालाच नाही?"

"नाही हो!"

ते मान हलवत, पण समाधान झाल्यासारखे दिसत नसत.

गेल्या पावसाळ्यात नवे युनिट हेड, म्हणजे सगळ्या कार्यालयाचे प्रमुख, आले. तरुण, नीटनेटके, स्पष्ट. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

"फँसेजी से स्मेल आती है," ते म्हणाले. "सीलन की. जैसे गीले कपड़े बंद करके रखे हों. दो बड़े विज्ञापन वाले बोल चुके हैं."

ते खरं होतं. श्रावण लागल्यापासून मलाही जाणवत होतं. कार्यालयात सगळ्यांनाच जाणवत होतं. फणसे येऊन गेले की ओलसर, कोंदट, बुरशीचा वास मागे राहायचा. शर्टावर इस्त्री तशीच कडक होती. पण ज्या माणसाने सगळ्यांना आंघोळ घातली त्याला हे सांगायचं कोणी, म्हणून सगळे गप्प होते.

"आप भी मराठी हैं. आप कह दीजिए," युनिट हेड म्हणाले. "उनका एक्स्टेंशन इसी हफ्ते आगे जाना है. ऐसे में मैं नहीं भेज पाऊँगा. बुरा आदमी नहीं हूँ मैं, पर विज्ञापन वाला तो बुरा मान जाता है ना."

मी त्यांना हो म्हणालो आणि माझ्या टेबलावर येऊन बसलो. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात माझी नोकरी गेली आहे. कर्ता, कर्म, क्रियापद. मध्ये विशेषण नको. हे वाक्य मात्र जुळेना. फणसे यांची पद्धत वापरून बघावी असं ठरवलं. त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "फणसेसाहेब, मला वास येतोय का?"

त्यांनी गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कोणी काही बोललं का, संपादक?" मी संपादक नव्हतो, पण ते प्रत्येकाला एक पायरी वर चढवून बोलत. "मनावर घेऊ नका. तुमच्याबद्दल तक्रार नाही. असती तर माझ्याकडे आली असती."

अंगरखा झटकून झाला होता. समजणाऱ्याला समजलं नव्हतं. आता सरळ बोलायचं उरलं. मी दार लोटलं आणि सपाट आवाजात म्हणालो, "तुम्हाला वास येतोय."

फणसे यांचा हात टेबलावर थांबला. ते म्हणाले, "नाही येत."

मला वाटलं, ते नाकारत आहेत. "येतोय, साहेब."

"नाही हो. कशाचाच येत नाही. दवाखान्यातून आलो तेव्हापासून." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "डॉक्टर म्हणाले होते येईल परत. चहा म्हणजे गरम पाणी. परवा नासलेल्या दुधाचा चहा प्यायलो, कामाच्या बाईंनी पातेलं बघितलं तेव्हा कळलं. पण तुम्हाला कसं कळलं? मी कोणाला बोललो नव्हतो."

मी विधान केलं होतं. त्यांनी प्रश्न ऐकला होता. मराठीत तेवढा फरक आवाजाच्या टोकावर असतो आणि मी तो सपाट ठेवला होता.

मी काही उत्तर दिलं नाही, आणि त्या गप्प राहण्यात त्यांना दुसरा अर्थ सापडला. ते हळूहळू मागे टेकले. सवयीने बाही नाकाशी नेली आणि मध्येच खाली आणली.

"माझ्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

"कपड्यांना."

"कसला?"

"ओलीचा. बंद राहिलेल्या कपड्यांचा."

"पुष्कळ दिवस?"

"श्रावण लागल्यापासून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पण मी विचारत होतो की," ते म्हणाले. "रोज विचारत होतो. सगळ्यांना विचारत होतो. घरी सांगणारं माणूस राहिलं नाही, नाकाने दगा दिला, म्हणून विचारत होतो. तुम्ही सगळे जाऊन सेंट मारून आलात."

मुदतवाढीचं त्यांना सांगणं भाग होतं, ते सांगितलं. ते ऐकून ते फक्त म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मीही हेच केलं असतं. जरा आडून केलं असतं." मग उठून त्यांनी खिडकी उघडायचा प्रयत्न केला. ती एसीसाठी कायमची बंद केलेली होती.

"कपडे धुतोय की मी," ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "वाळवतोय पण. साबण चांगला आहे. कपाटातच काहीतरी होत असेल."

"मग कपाट उघडं ठेवा दोन दिवस. वारा लागू दे."

"ते नाही होणार."

"का?"

"तिच्या साड्या आहेत त्याच कपाटात. ती होती तेव्हापासून माझे शर्ट डावीकडे, तिच्या साड्या उजवीकडे. उघडं ठेवलं तर वास उडून जाईल. सकाळी शर्ट काढायचा तेवढंच दार उघडतो, लगेच लावतो."

"पण तुम्हाला तर..."

"मला येत नाही, ते ठाऊक आहे मला," फणसे म्हणाले. "म्हणून काय घालवून टाकायचा?"

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो, ते, मी आणि वर्षा. वर्षाला त्यांनीच बोलावलं होतं. कारण सांगताना ते रस्त्याकडे बघत होते. "हे संपादक येतील, पण त्यांना ओळखू येणार नाही. तू ओळखशील. अजून आहे की गेला, एवढं फक्त सांग. गेला असेल तर कपाट उघडं टाकतो. मग हट्ट कशाला?"

घर स्वच्छ होतं. कपाट शयनघरात होतं, जुनं सागवानी, दाराच्या फटीत जुन्या टॉवेलाच्या पट्ट्या दाबून बसवलेल्या. फणसे यांनी त्या एकेक काढल्या आणि दार उघडून बाजूला झाले. ओलीचा लोट बाहेर आला. भिंतीकडच्या फळीवर बुरशी चढली होती. त्यांच्या मागच्या शर्टांच्या कॉलरवर राखाडी ठिपके होते. त्यांना ते दिसले असतील असं वाटत नाही, आतपर्यंत उजेड पोचत नव्हता.

वर्षाने एक फिकी जांभळी साडी घडीसकट उचलली. त्यात चेहरा धरला आणि तशीच उभी राहिली. फणसे तिच्याकडे बघत नव्हते. ते पंख्याचं बटण चालू-बंद करत होते.

"आहे, काका," ती साडीतूनच म्हणाली. "आत आहे. वाळ्याचा. आणि तो खडूसारखा, त्यांचा."

"नक्की?"

"शपथ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं. ती साडी वर्षाने माझ्याही हातात दिली होती. मला ओल आली, डांबराच्या गोळ्या आल्या, आणखी काही आलं नाही. पण मी काकूंना वर्षाइतकं ओळखत नव्हतो. तेव्हा माझी माहिती अपुरी आहे.

मग वर्षाने काम वाटून दिलं. साड्या जुन्या चादरीत बांधून पत्र्याच्या पेटीत गेल्या आणि पेटीला कुलूप लागलं. किल्ली फणसे यांच्याकडे. त्यांचे सगळे शर्ट बाहेर निघाले. "काका, हे परत धुवायचे आणि गच्चीवर उन्हात," वर्षा म्हणाली. "आणि कपाट आठवडाभर उघडं. बोलायचं नाही."

"बोलत कुठे आहे मी?" फणसे म्हणाले. "काय गं, तिच्यासारखी करून राहिलीस."

दुसऱ्या दिवशी ते जामदारखान्यातला निळ्या चौकटीचा शर्ट घालून बसले होते, बैरागीच्या मापाचा. खांदे उतरले होते. युनिट हेड त्यांच्या खोलीत जाऊन आले आणि बाहेर येऊन मला मान हलवून गेले. मुदतवाढीचा कागद त्याच दुपारी इंदूरला गेला. वर्षाला मी गप्प राहायला सांगितलं होतं. तिने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं.

आठवड्याने ऊन पडलं, आणि फणसे स्वतःच्या शर्टात आले. जोडे बाहेर काढून एसीच्या खोलीत शिरले आणि राठौरच्या टेबलाजवळ वाकले.

"राठौर, मुझे बास आ रही है क्या?"

राठौरने आपल्या मोज्यांकडे पाहिलं नाही. तो उठला, फणसे यांच्या खांद्याशी नाक नेलं आणि, बातमी तपासताना कधी घेतला नसेल एवढा वेळ घेऊन, एक लांब श्वास घेतला.

"धूप की आ रही है, साहब," तो म्हणाला. "और थोड़ी साबुन की."

"बस?"

"बस."

"ठीक है," फणसे म्हणाले. "कल फिर पूछूँगा."